आई-बाबा बिझी आहेत!

मे महिन्यात नागपूर म्हटलं, की पुण्या-मुंबईची पब्लिक आधी टेम्परेचर विचारते. ‘कसं राहता बुवा तुम्ही लोक?’ हा प्रश्न ठरलेला. उत्तरही ठरलेलं, ‘कूलर लावून.’ विषय संपला! २०१३ च्या मेमध्ये इथला पारा ४७.९ पर्यंत चढला होता. २०२४ च्या मे अखेरीस तर रामदासपेठेतल्या एका स्वयंचलित यंत्रानं चक्क ५६ अंश दाखवले. हवामान खात्यानं तपासलं, तर सेन्सरच बिघडलेला निघाला. पण तोवर तो आकडा व्हॉट्सअॅपवरून पार अमेरिकेला जाऊन आला होता, आणि परगावच्या तमाम मुलांनी घरी फोन करून ‘आई, अजिबात बाहेर पडू नका’ असं बजावून झालं होतं.

दोस्तहो, तुमचाही यात नंबर असेल, तर आजचा कॉलम तुमच्यासाठी.

मनीषनगर तुम्हाला ठाऊक असेलच. वर्धा रोडजवळ, रेल्वेलाइनला लागून. या एरियाची एकेकाळची ओळख म्हणजे ते बंद असलेलं रेल्वे फाटक आणि त्यापुढे हॉर्न वाजवणारी गर्दी. २०२० च्या नोव्हेंबरात इथला उड्डाणपूल आणि वर्धा रोडवरचा डबलडेकर सुरू झाला, उज्ज्वलनगरला मेट्रोही थांबायला लागली. एरिया एकदम हॅपनिंग झाला. पण संध्याकाळी भाजीच्या ठेल्यांवर नजर टाका. पिशवी घेतलेली निम्मी मंडळी साठीच्या पुढची दिसतील. कोणी बँकेतून रिटायर, कोणी शाळेतून, कोणी सरकारी ऑफिसातून. मुलं पुणे, बंगळुरू, हैदराबाद नाही तर थेट न्यू जर्सी. आपल्याला वाटतं, बिचारे एकटे आहेत, मे महिन्यात कूलरसमोर बसून आपल्या फोनची वाट बघत असतील...

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काका-काकूंचं कालनिर्णय बघा, मग बोला! काका वीज मंडळातून रिटायर झालेले, काकू जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई होत्या. मुलगा-सून पुण्यात, मुलगी-जावई बंगळुरूत, दोघांकडे एकेक नातवंड. नाव छापायचं नाही या अटीवर काकूंनी मला त्यांचा मे महिना दाखवला. दुधाचे हिशेब एका कोपऱ्यात, बाकी सगळं पेन्सिलनं गच्च. एक लग्न, दोन मुंजी, एक बारसं, एका मैत्रिणीच्या यजमानांची पंचाहत्तरी, स्वतःच्या लग्नाचा वाढदिवस. मध्येमध्ये ‘रामटेक’, ‘सेवाग्राम’, ‘कुरडया’. ३१ तारखेला दोघांचे निरोप समारंभ. आणि पान उलटलं की १ जून... काकांचा वाढदिवस.

आता हे सगळं मेमध्येच का? त्याचं गणित मजेशीर आहे. या पिढीत घरात एक तरी मास्तर किंवा बाई असायचीच, मग शाळेला सुट्टी बघून लग्न मेमध्ये. लग्न मेमध्ये म्हणून लग्नाचा वाढदिवस मेमध्ये. पोरांच्या मुंजीही सुट्टीतच, म्हणजे पुन्हा मे. आणि १ जूनचा किस्सा तर ग्रेटच. पूर्वी खेडोपाडी जन्माची नोंद कोण ठेवतो? पोराला शाळेत घालायला नेलं, की हेडमास्तर शाळा उघडायच्या आसपासची तारीख टाकून मोकळे, १ जून! त्यामुळे महाराष्ट्रात सरकारी वाढदिवसांचा महापूर येतो १ जूनला. आणि सरकारी नियम असा, की जन्मतारीख महिन्याची पहिली असेल, तर माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी रिटायर होतो. म्हणून दरवर्षी ३१ मेला ऑफिसंच्या ऑफिसं रिकामी होतात आणि शाल-श्रीफळवाल्यांची चांदी होते. काकांचा खरा वाढदिवस? त्यांची आई सांगायची, ‘पोळ्याच्या दोन दिवस आधी झाला.’ बस्स, तेवढाच पुरावा.

अधिक महिना उन्हाळ्यात आला, की आणखी भर. २०१८ मध्ये ज्येष्ठ अधिक होता, २०२६ चा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून असा. अधिकात लग्न-मुंजी नाहीत, म्हणजे सगळे मुहूर्त आधीच्या पंधरवड्यात कोंबले जातात. एका दिवशी तीन पत्रिका! आणि कार्यं थांबली म्हणून काकूंना सुट्टी नाही, जावयाचं धोंड्याचं जेवण आणि तेहतीस अनारसे आहेतच. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. आणि नागपूरच्या उन्हाळ्यात ते पाणी डोळ्यात तेल घालून बघावं लागतं.

खर्चाचंही तसंच. काकांनी रिटायरमेंटचा बराच पैसा सीनियर सिटिझन स्कीममध्ये टाकलाय. त्याचं व्याज तीन महिन्यांनी येतं, एप्रिलच्या सुरुवातीला आणि मग थेट जुलैत. ‘एप्रिलचं व्याज अन् मेचा आहेर, दोघांची एकमेकांशी सोयरीक आहे बापा,’ इति काका. कोणाला किती द्यायचे याची काकूंकडे वही आहे. आपल्या मुलाच्या लग्नात त्यांनी काय दिलं होतं, ते बघून लिफाफा भरला जातो. तुम्हाला हे डाऊनमार्केट वाटेल, पण मला तरी यात जास्त प्रामाणिकपणा दिसतो. आपण ऑफिसात कॉन्ट्रिब्युशन काढतो, तेव्हा कुठे वही ठेवतो?

बरं, हिंडणं कसं जमतं? ४४-४५ डिग्रीत? सिंपल फंडा, सूर्याच्या आधी निघायचं आणि सूर्याच्या आधी परतायचं. सकाळी पाचला थर्मासात चहा, डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या, डोक्याला दुपट्टा, ऑटोनं गणेशपेठचा एसटी स्टँड. नागपूरहून रामटेक पन्नास किलोमीटरच्या आसपास. आठच्या सुमाराला गडमंदिराच्या पायऱ्या चढून वर, जिथे कालिदासाला मेघ दिसला असं मानतात. मेमध्ये मेघबिघ काही दिसत नाही, पण वारा असतो. खाली अंबाळा तलाव बघायचा, पुऱ्या खायच्या आणि साडेअकराच्या आत मनीषनगरात. दुपारभर झोप!

एसटीच का, तर रेल्वेनं ज्येष्ठांची सवलत २०२० च्या मार्चमध्ये बंद केली. उलट एसटीत पासष्टीनंतर अर्धं तिकीट, पंचाहत्तरीनंतर २०२२ च्या ऑगस्टपासून फुकट, आणि २०२३ च्या मार्चपासून सगळ्या बायकांना अर्धं तिकीट. काका सदुसष्टचे, काकू चौसष्टच्या. ‘आम्ही दोघं मिळून एक फुल तिकीट!’ हा काकांचा लाडका जोक आहे. कंडक्टर हसतो की नाही, यावर त्यांचा तो दिवस कसा जाणार ते ठरतं.

सेवाग्रामला मात्र रेल्वेच. अजनीहून सकाळची गाडी पकडली की झालं. गांधीजी १९३६ मध्ये तिथे राहायला आले. बापूकुटी मातीच्या भिंतींची, वर कवेलू. काका त्या भिंतीला हात लावून उभे राहतात आणि दरवर्षी तेच सांगतात, ‘बघ, बिनविजेचा कूलर.’ आयुष्यभर वीज मंडळात काढलेल्या माणसाच्या तोंडून हे ऐकायला मजा येते. बाकी मुलानं त्यांच्या बेडरूममध्ये हौसेनं दीड टनाचा एसी बसवून दिलाय. तो नातवंडं आली की लागतो. एरवी कूलर, खसच्या ताट्या, एक खिडकी किंचित उघडी. कूलर खातो दीड-दोनशे वॉट, एसी त्याच्या सात-आठपट. हे सगळं काका तुम्हाला पाणी विचारायच्या आधी सांगतील.

आणि संध्याकाळची आउटिंग म्हणजे मेट्रो! उज्ज्वलनगरला चढायचं, सीताबर्डीला बदलायची, सुभाषनगरला उतरून अंबाझरीचा तलाव बघायचा, अंधार पडला की परत. येण्या-जाण्यात गार हवा खाऊन होते. मनीषनगरातली बरीच मंडळी ही आयडिया वापरतात. एकमेकांना डब्यात भेटले, की ‘कुठे चालले?’ असं कोणी विचारत नाही.

आता थोडं सीरियसली. ऊन लागणं ही चेष्टा नाही. नागपूर महापालिकेनं २०१६ मध्ये उष्माघातासाठी कृती आराखडा केला, तो काही हौस म्हणून नाही. वय वाढलं की तहान लागल्याची जाणीव कमी होते. शरीराला पाणी हवं असतं, पण जीभ मागत नाही. त्यातून ब्लडप्रेशरच्या काही गोळ्या लघवीवाटे पाणी बाहेर काढणाऱ्या असतात. काकांचीही तशीच आहे. एप्रिलमध्ये काकू त्यांना डॉक्टरकडे घेऊन जातात आणि उन्हाळ्यात डोस तोच ठेवायचा का, ते विचारून येतात. मग दर तासाला पाणी, कैरीचं पन्हं, ताक. काका शर्टच्या खिशात कांदा ठेवतात. त्यानं काही होत नाही हे काकूंना पक्कं माहीत आहे, पण ‘कांदा घेतला की पाण्याची बाटली पण आठवते त्यांना,’ असं त्या म्हणतात. तेव्हा फोनवर ‘बाहेर पडू नका’ म्हणण्यापेक्षा ‘गोळी कोणती आहे, डॉक्टरांना विचारलं का?’ असं विचारलेलं बरं. काकूंची तक्रार एकच आहे, ‘तो विचारत नाही नं. बजावते.’

एवढ्या भरगच्च शेड्युलमध्ये मुलं बसवायची कुठे, हा खरा पेच. हसू नका! बंगळुरूच्या शाळा मे संपता संपता उघडतात. पुण्याच्या जूनच्या मध्याला. विदर्भात ऊन बघून त्याहीनंतर. म्हणजे मुलीकडची नात १ जूनला इथे असूच शकत नाही. मुलाचा नातू येऊ शकतो, पण मुलाचं प्रोजेक्ट. सुनेची रजा वेगळी, जावयाची वेगळी. रेल्वेचं रिझर्वेशन पूर्वी १२० दिवस आधी मिळायचं, २०२४ च्या नोव्हेंबरपासून ते ६० दिवसांवर आलं. त्यामुळे मेची तिकिटं मार्चमध्ये, नेमकी सगळ्यांच्या इयर एण्डिंगच्या गडबडीत. काकू मार्चमध्ये चौघांना फोन करून तारखा जुळवतात. सहा बोगद्यांतून सहा गाड्या एका प्लॅटफॉर्मवर आणायच्या, तसलं काम.

मागच्या एका मेमध्ये सगळं करून चारच दिवस निघाले. गुरुवार ते रविवार. पाच वर्षांत पहिल्यांदा मुलगा, सून, मुलगी, जावई, दोन्ही नातवंडं एका छताखाली! आणि त्याच शुक्रवारी अमरावतीला काकांच्या चुलत भावाच्या मुलाचं लग्न.

बाहेरच्याला यात पेच काय ते कळणार नाही. पण काका त्या घराण्यात आता सगळ्यात थोरले. अंतरपाट धरायला तेच. आणि न जावं तर ज्याच्या त्याच्या तोंडी, ‘पोरं आली म्हणून भावाला विसरला.’ काका जायच्याच बाजूचे होते. म्हणाले, सगळेच जाऊ, पोरांचंही दर्शन होईल सगळ्यांना. काकूंनी हिशेब मांडला. चार दिवसांतला एक दिवस लग्नात, एक दिवस थकवा काढण्यात. उरले दोन. ‘अन् तिथं पोरं कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसतील. मी पंगतीत वाढत राहीन. काहून जायचं?’

तोडगा असा निघाला, की दोघांनी बुधवारीच अमरावती गाठायची, नवरदेवाला घरी हळद लावायची, आहेर करायचा, भावाच्या पाया... नाही, भावानं यांच्या पाया पडायचं, आणि रात्रीच्या एसटीनं परत. केलंही तसंच. मध्यरात्रीनंतर दोघं मनीषनगरात उतरली. काकांचे पाय सुजले होते. चुलत भावानं ‘बरं बरं, या तुम्ही’ एवढंच म्हटलं आणि नंतर त्यांचा फोन थेट दिवाळीपर्यंत आला नाही. काकांना ते लागलं. अजूनही लागतं. काकू म्हणतात, लागू दे.

इकडे मुलांचा वेगळाच प्लॅन शिजत होता. सरप्राइज! लग्नाचा वाढदिवस, प्लस बाबांचा १ जून, असं दोन्ही मिळून शनिवारी हॉल, साठ-सत्तर पाहुणे, बॅनर, जुन्या फोटोंचा व्हिडीओ. आयडिया झकास होती, प्रेमही खरं होतं. पण केटरर मनीषनगरातलाच निघाला आणि त्यानं काकांनाच भाजीच्या ठेल्यावर विचारलं, ‘काका, वडाभातात वडे मोजून देऊ का हिशेबात?’ सरप्राइज तिथेच फुटलं.

गुरुवारी रात्री जेवणं झाल्यावर काकूंनी मुलाला गच्चीवर बोलावलं. मी खाली माझ्या बाल्कनीत होतो, ऐकू येत होतं म्हणून ऐकलं. आवाज चढला नाही. त्या एवढंच म्हणाल्या, ‘हॉलमध्ये मी सत्तर जणांशी बोलेन. तुझ्याशी कधी बोलू?’

बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग मुलगा म्हणाला, ‘अॅडव्हान्स दिलाय आई.’

प्रोफेशनल माणूस, बिचारा!

अॅडव्हान्स वाया गेला नाही. केटररनं त्या पैशांत शुक्रवारी बिल्डिंगमधल्या सगळ्यांना पुडाची वडी आणि वडाभात घरपोच दिला. (माझ्या वाट्याला चार वड्या आल्या. मोजून.) आणि शनिवारी दुपारी उन्हं उतरल्यावर आठ जणांची मोठी गाडी पेंचकडे निघाली. जंगल सफारीला नाही. पेंचला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. सिल्लारी, वाघोली या भागातल्या गावांनी रस्त्यावरच्या दिव्यांची तोंडं जमिनीकडे वळवली, म्हणजे उजेड आकाशात सांडत नाही. मनीषनगरातल्या गच्चीवरून नऊ-दहा तारे दिसतात आणि त्यातला एक विमान निघतो. इथे अमावास्येच्या जवळची रात्र, आणि वर नुसता खच!

आणि इथे काकूंची ड्यूटी सुरू झाली. तीसेक वर्षं चौथीच्या वर्गाला शिकवलेला आवाज. सप्तर्षी डोक्यावर. त्याची शेपटी पकडून वळण घेत खाली या, ती स्वाती. तसंच पुढे जा, ती चित्रा, हिच्यावरून चैत्र. रात्र चढेल तसा पूर्व-दक्षिणेकडून विंचू वर आला, त्याच्या छातीतली तांबूस चांदणी म्हणजे ज्येष्ठा. पौर्णिमेचा चंद्र ज्या नक्षत्रापाशी, त्याचं नाव महिन्याला. नात बंगळुरूत कोडिंगच्या क्लासला जाते, तिला हे लॉजिक पटकन पटलं. नातवानं विचारलं, ‘ज्येष्ठ म्हणजे सीनियर ना? मग आजोबा पण ज्येष्ठा?’ जावई हसत सुटला. मुलगा चटईवर पाठ टेकून काकूंच्या शेजारी पडला होता. मायलेकांचं दोनपर्यंत काय बोलणं चाललं होतं, ते बाकीच्यांनी विचारलं नाही आणि काकूंनी मलाही सांगितलं नाही.

रविवारी संध्याकाळी सगळे गेले. दोन दिवस वरच्या मजल्यावरून फक्त कूलरचा आवाज येत होता. तिसऱ्या दिवशी पहाटे दार वाजलं. दोघं निघाली होती, काकांच्या खिशात कांदा. मधल्या काळात कुरडयांचा गहू भिजायला पडला होताच.

पुढे नवतपा लागला. सूर्य रोहिणी नक्षत्रात, नऊ दिवस सगळ्यात कडक, आणि काकांचा सरकारी वाढदिवस बरोबर त्याच्या पोटात. त्यांच्या सकाळच्या वॉकिंग ग्रुपमध्ये पाच जण १ जूनवाले आहेत. पाचही जणांची नावं एका केकवर मावत नाहीत, म्हणून नुसतं ‘१ जून’ लिहून घेतात. सोबत तर्री-पोहे. केक कापायची वेळ सकाळी साडेसहा, सातनंतर क्रीम ओघळायला लागतं.